पाचगणीचं मशीन

नागसेननं पहार चौकटीच्या फटीत घातली आणि सगळा भार टाकून दाबली. भिंतीतून वाळू सुटली, विटेचा एक तुकडा पायाशी पडला आणि खानावळीच्या मागच्या दाराची चौकट कुरकुरत बाहेर आली.

"आता जाईल बघा," तो हमालांना म्हणाला.

ट्रकमधून उतरवलेलं मशीन गल्लीत दोन ओंडक्यांवर उभं होतं. छातीएवढी उंच पोलादी पेटी, खाली ओतीव लोखंडाचे पाय, बाजूला हाताएवढा लांब दांडा. पेटीवर गंजाचे ओघळ होते आणि आत उंदरांनी कागदाचं घरटं केलेलं होतं. पाचगणीच्या एका जुन्या शाळेच्या वसतिगृहात ते कित्येक वर्षं भांडी धूत होतं, मग बंद पडून तितकीच वर्षं कोळशाच्या खोलीत पडून होतं.

माया कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली. आधी तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग भिंतीला पडलेल्या भगदाडाकडं.

"आवं, नवीन घ्यायचं ठरलं हुतं न्हवं आपलं? ह्ये काय आणलंत?"

"भांडी धुवायचं मशीनच हाय. आईच्या लग्नाच्या वेळचं आसंल."

"मग माज्यासारकंच निकामी आसंल," मोरीतून त्याच्या आईचा, चंद्राबाईंचा आवाज आला. त्यांचं घासणं काही थांबलं नाही.

नागसेन सैन्यातून निवृत्त होऊन आला आणि त्यानं कराडला इंजिनीअरिंग कॉलेजच्या रस्त्याला खानावळ काढली. सैन्यात त्याची उभी नोकरी वर्कशॉपमध्ये गेली होती. स्वयंपाक मायानं घेतला, भांडी त्याच्या आईनं. दोन्ही वेळच्या पंगतींची ताटं, वाट्या, पेले. बाया ठेवून पाहिल्या, पण त्या टिकल्या नाहीत. पावडरीनं चंद्राबाईंच्या बोटांना भेगा पडत गेल्या. डॉक्टरांनी मलम दिलं आणि हात पाण्यात घालू नका म्हणून बजावलं. चंद्राबाई मलम झोपताना लावायच्या आणि सकाळी पुन्हा मोरीत बसायच्या.

मग पावसाळा संपता संपता एका मुलानं जेवता जेवता उठून आपलं ताट मायासमोर आणून ठेवलं होतं. ताटाच्या काठाला बारीकशी लाल रेघ होती.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला होता. पांढरंशुभ्र मशीन, बटणं, हिरवे-तांबडे दिवे. चकचकीत कागदावरचे फोटो बघून मायाचं मन त्यावर बसलं होतं. नागसेननं त्याला एवढंच विचारलं, "व्होल्टेज खालीवर झालं आन् आतला बोर्ड जळाला, तर?"

"आमचा माणूस येईल की. आठवड्याभरात नक्की."

"आन् तवर?"

त्या माणसाला प्रश्न कळला नव्हता. नागसेननं मोरीकडं पाहिलं होतं. पाचगणीला वॉचमन असलेल्या, पलटणीतल्या जुन्या दोस्तानं या मशीनची बातमी दिली, तेव्हा तो मायाला न सांगता पहिल्या एसटीनं गेला होता.

"ह्याच्यात बोर्डच न्हाई," आता तो मायाला सांगत होता. "एक मोटार, एक पंप, एक हीटर. पाना घेतला की सगळं सुटतं. जे मोडंल ते हितंच कराडात घडवता येतंय."

"आन् न्हाई झालं तर?"

"हुईल."

"दिवाळीची सुट्टी संपून पोरं परत येत्याली," माया म्हणाली. "तवर चालू झालं न्हाई, तर मी पुण्याच्या माणसाला बोलावणार. आन् ह्ये भंगारात जाणार. मी सवता ढकलणार."

"मंजूर," नागसेन म्हणाला आणि हमालांना हात दाखवला.

सुट्टीत खानावळ बंद होती. नागसेननं एकेक बोल्ट काढत मशीन सुटं केलं. काढलेला भाग पोत्यावर ज्या क्रमानं काढला त्या क्रमानं मांडून ठेवला आणि त्यावरून कुणाला चालू दिलं नाही. मोटारीची तार नव्यानं गुंडाळायला दिली. हीटर पार गेला होता, त्याच्या मापाचा नवा करून आणला. झाकणाची रबरी पट्टी हाताला लागताच भुगा होऊन पडली. तिच्या जागी त्यानं ट्रकच्या ट्यूबची पट्टी कापून बसवली.

पाणी फवारणारे पितळी हात मात्र काही केल्या साफ होईनात. त्यांची भोकं क्षारानं दगडासारखी बुजली होती. नागसेन तार घालून टोकरत बसला, तार मोडली. त्यानं ते हात भिंतीशी टेकवले आणि चहा प्यायला गेला.

परत आला तर हात जागेवर नव्हते. मागच्या अंगणात चुलीवर पातेलं उकळत होतं. चिंचेचा आंबट वास सुटला होता. चंद्राबाई लाकडी पळीनं ते काळं पाणी ढवळत होत्या.

"आई, तुजं हात..."

"हात कुटं घातलाय? पळी हाय न्हवं." त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. "पितळ आसं काळं ठेवत्यात व्हय? बघवंना मला."

संध्याकाळी ते पितळ उन्हात धरलं तेव्हा प्रत्येक भोकातून आभाळ दिसत होतं.

सुट्टी संपायला आली तशी पहिली चाचणी झाली. जाळीत ताटं उभी केली, टाकी भरली, पाणी तापलं. नागसेननं कपडे धुण्याच्या पावडरीचा मोठा डबा टाकीत ओतला, दांडा खाली ओढून झाकण लावलं आणि बटण दाबलं. मोटारीनं घरघर केली. आत पाणी पत्र्यावर आदळायला लागलं. नागसेनच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मग झाकणाच्या कडेनं फेस यायला लागला. आधी बोटभर, मग वीतभर. तो पायांवरून उतरला, फरशीवर पसरला, पिठाच्या डब्यांपर्यंत गेला. पंपाचा आवाज पोकळ झाला आणि पाणी उडायचं थांबलं. नागसेन बटणाकडं धावताना फेसात घसरला आणि बसला तो बसलाच. त्याच्या खांद्यापर्यंत पांढरं शुभ्र.

माया दारात उभी होती. ती रागावणार होती. पण आधी चंद्राबाईंना हसू फुटलं, तोंडाला पदर लावूनही आवरेना, आणि मग मायाचाही बांध फुटला.

"पंपात हवा भरली," फेसातून नागसेन गंभीरपणे म्हणाला. "मशीनचा दोष न्हाई. फेस नको त्येला."

"मग बिनफेसाचं घाला की," माया डोळे पुसत म्हणाली. ती आत गेली आणि कपड्यांसाठी आणलेल्या धुण्याच्या सोड्याची पुडी घेऊन आली. "ह्येचा फेस हुतो का बघा."

त्यांनी टाकी रिकामी करून पुन्हा भरली. या वेळी मायानं स्वतः सोडा मोजून टाकला, स्वतः दांडा ओढला. पाणी आत एका लयीत फिरत राहिलं. शेवटी वरच्या नळीतून स्वच्छ कढत पाणी ताटांवरून गेलं आणि नागसेननं मान हलवली. मायानं दांडा वर केला. वाफेचा लोट छताला लागला. ताटं चमकत होती, आणि बघता बघता त्यांच्यावरचं पाणी आपोआप सुकून गेलं.

मायानं एक ताट उचललं, पोळलं म्हणून या हातातून त्या हातात टाकलं, काठावरून अंगठा फिरवला. मग ते तिनं सासूच्या हातात दिलं.

"आत्या, ह्यात तोंड दिसतंय बघा."

चंद्राबाईंनी ताट दोन्ही बाजूंनी पाहिलं. खोड काढायला काही सापडेना तेव्हा त्या म्हणाल्या, "वाट्या पालथ्या घालाय पायजेत. न्हाईतर पानी ऱ्हातंय." आणि पुढची जाळी त्यांनीच भरायला घेतली.

मुलं परत आली तेव्हा मशीन चंद्राबाईंचं झालं होतं. जाळी भरणं, दांडा ओढणं, टाकी कधी रिकामी करायची ते ठरवणं, यात त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. जेवण झालं की इंजिनीअरिंगची पोरं ताट घेऊन मागं घुटमळायची, दांडा एकदा ओढू द्या म्हणायची. "आधी पास व्हा," चंद्राबाई म्हणायच्या. ताटं गरम आणि कोरडी मिळतात ही बातमी वसतिगृहात पसरली आणि नागसेनला बाहेरच्या पडवीतही टेबलं टाकावी लागली.

समोर सुहासिनीकाकूंची खानावळ होती, त्या रस्त्यावरची सगळ्यात जुनी. काकू सत्तरीच्या, नऊवारीतल्या. कुणाशी वाकडं बोलायच्या नाहीत. नागसेन दिसला की "काय म्हणतेय खानावळ?" असं रस्त्यापलीकडून विचारायच्या. रस्ता ओलांडून मात्र कधी आल्या नव्हत्या.

उन्हाळ्यात पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. टँकर कधी यायचा, कधी नाही. काकूंच्या भांडी घासणाऱ्या बाया लग्नसराईला गावी गेल्या होत्या. काकूंनी पत्रावळ्या आणून पाहिल्या, पण पोरांच्या विजारींवर आमटी सांडायला लागली. इकडे चंद्राबाई टाकीभर पाण्यात जाळ्यांवर जाळ्या काढत होत्या.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी काकू मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सोबत हातगाडी, तिच्यावर खरकट्या ताटांनी भरलेले क्रेट.

"नागसेन आहे का?" त्यांनी विचारलं.

"बाजारात गेलाय. बोला की," चंद्राबाई म्हणाल्या. माया भाजी निवडता निवडता थांबली.

"रात्रीची पंगत आहे हो. आज टँकर आलाच नाही." काकूंनी कपाळ पुसलं. "तुमच्या मशीनवर तेवढी काढून द्याल का?"

"देऊ की. आणा आत."

काकू हलल्या नाहीत. "म्हणजे, कसं आहे, आमची वेगळी धुता येतील का? तुमचं मटण वगैरे असतं ना, म्हणून म्हटलं."

चंद्राबाईंनी हातातली जाळी खाली ठेवली. त्यांचा चेहरा शांत होता.

"जाळी येगळी लावीन," त्या म्हणाल्या. "पन पानी त्येच फिरतंय, काकू. टाकी एकच हाय."

मायाचा हात भाजीवर तसाच राहिला. बाहेर गाडीवाला क्रेटला टेकून विडी शोधत होता. काकूंनी एकदा मागं रस्त्याकडं पाहिलं, एकदा आतल्या वाफेकडं. मग त्यांनी पदर खोचला, वरचा क्रेट स्वतः उचलला आणि उंबऱ्याच्या आत आणून ठेवला.

चंद्राबाईंनी ताटं लावायला घेतली. एकेक ताट त्या हातात धरून वळवत, खरकटं झटकत, जाळीत उभं करत होत्या. काही ताटांच्या कडेला जुन्या वळणाची नावं कोरलेली होती. दांडा खाली आला, मशीन चालू झालं. मायानं स्टूल पुढं केलं, काकू बसल्या. त्या मशीनकडं बघत राहिल्या.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"कडेगावच्या. मालक वारल्यावर नागसेनला घेऊन हितं आले. तुमच्याकडंच आले हुते पयल्यांदा, कामाला."

"आमच्याकडं?"

"व्हय. आंगण झाडायला हुते वर्सभर."

काकू आठवू लागल्या, पण आठवेना. "अगंबाई. झाडायला कशाला? भांड्यांना बाई तर आम्हाला कायमच लागायची. भांड्यांना का नाही..."

त्या थांबल्या. आत पाणी पत्र्यावर आदळत होतं. चंद्राबाई मशीनला कान देऊन उभ्या होत्या, पाण्याचा आवाज बदलतो कधी ते ऐकत. मायानं सासूकडं पाहिलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात कधी काढली नव्हती.

आवाज बदलला. चंद्राबाईंनी दांडा दोन्ही हातांनी वर ढकलला. वाफ उसळून तिघींच्या अंगावर आली, आणि विरली तेव्हा ताटं लखलखत उभी होती. चंद्राबाईंनी पहिलं ताट उचललं, टेबलावर न ठेवता काकूंच्या समोर धरलं.

"घ्या. गरम हाय."

काकूंनी हात पुढं केला, मग दुसराही केला. ताट चांगलंच पोळत होतं. दोघींपैकी कुणीही ते लगेच सोडलं नाही.

"माया," चंद्राबाई मोठ्यानं म्हणाल्या, "गाडीवाल्याला म्हनावं, सगळं आत आण. आज पंगत वेळेवर बसली पायजे काकूंची."