गोळ्यांची बाटली

दिवाळीच्या सुटीत साधना गावी आली, तेव्हा रंभाबाईनं लेकीला विचारलं, की नागपूरच्या कॉलेजात तू करतेस तरी काय. आरमोरीकडच्या त्या गावात मासे धरणाऱ्या ढीवरांच्या घरातून एवढं शिकलेली ती पहिलीच. साधनानं सोपं करून सांगितलं. उंदराच्या मानेतल्या शिरा थोडा वेळ बांधून ठेवायच्या. मेंदूला रक्त मिळालं नाही की तिथल्या पेशी मरतात. पण आधी मेलाटोनिन दिलेलं असलं तर कमी मरतात. अंधार पडला की आपल्याच शरीरात तयार होणारा, झोप आणणारा पदार्थ तो. तिला स्वतःला झोप लागत नसे, म्हणून प्रयोगशाळेतल्या सरांनी परदेशातून त्याच्याच गोळ्या आणून दिल्या होत्या. ती बाटलीही तिनं मायला दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील, देवराव, तलावाच्या काठावर जाळं झटकता झटकता खाली बसले, ते उठलेच नाहीत. लोकांनी उचलून ओसरीवर आणलं. तोंडाची उजवी बाजू लोंबत होती, उजवा हात मेल्यासारखा पडला होता. लेकीकडे पाहून ते काही सांगू पाहत होते, पण नुसता घोगरा आवाज निघत होता.

तीन वर्षं भिंगाखाली मेलेल्या पेशी मोजणारी साधना. बाबांच्या डोक्यात या घटकेला काय चाललं असेल ते तिला ठाऊक होतं. हातपाय मात्र हलेनात.

भाऊ धनराज जीप आणायला पळाला. रंभाबाई घरातून ती बाटली घेऊन आली.

"हे दे त्याईले. उंदरं वाचतेत म्हनत होतीस ना?"

आताच पाजलेलं पाणी बाबांच्या ओठातून बाहेर ओघळलं होतं. शीर तुंबली की फुटली, हेही कळायला मार्ग नव्हता.

"माय, त्याईले गिळता येत नाई. श्वासात अडकन."

"मंग कुटून जिभेवर ठेव."

"नाई. लकव्यात मानसाईले हे देऊन नीट कोनी पाहिलंच नाई अजून."

तिनं मायच्या मुठीतून बाटली सोडवून घेतली. रंभाबाई तिच्याकडे अशी पाहत राहिली, जणू कुणी परकी बाईच घरात शिरली होती.

जीपनं देवरावांना गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला पाठवलं. तिथं डोक्याचा फोटो निघेपर्यंत संध्याकाळ झाली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. तोंडात काही घातलं नाही हे बरं केलं, असं डॉक्टर म्हणाले. साधनानं ते मायला सांगितलं. बाकावर बसलेल्या रंभाबाईनं विचारलं, "देली असती तं?"

"मले माहीत नाई, माय."

ते खरंच होतं. तीन वर्षांच्या कामातून तिच्या हाती एवढंच उत्तर होतं.

देवराव जगले. संक्रांतीपर्यंत काठी टेकत अंगणात येऊ लागले. उजवा हात गेला तो गेलाच, आणि बोलण्यातला होकाराचा 'हाव' तेवढा उरला. तलावावर आता धनराज जातो.

साधना कामावर परतली, त्या दिवशी पहिल्या उंदराच्या मानेशी दोरा धरून ती अर्धा तास तशीच बसली. मग उठून सरांकडे गेली. यापुढे औषध आधी द्यायचं नाही, रक्तपुरवठा तुटल्यावर दोन तासांनी द्यायचं, म्हणाली. सरांनी कारण विचारलं.

"झटका येणार, हे बाबांना आधी कुणी सांगितलं नव्हतं, सर."

पहिल्या महिन्याचे आकडे चांगले आले नाहीत. तिनं ते तसेच वहीत उतरवले आणि पुढचे उंदीर मागवले.