मंडईचा पाहुणा

सहा ताटं, बारा वाट्या, सहा पेले आणि झाकणाचा एक मोठा डबा. एवढा पसारा बक्षीस म्हणून हातात दिला की माणसानं खूश व्हावं, असं आमच्या हेमेंद्रबाबूंना वाटतं. माझा नवरा जंगलू जाऊन सहा वर्षं झाली. घरात मी एकटी. सहा ताटं घेऊन काय चाटू?

पण पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. अर्जुनी मोरगावच्या रस्त्यावर त्यांची राईस मिल आहे, तिथं मी तांदळाच्या पोत्यांची तोंडं शिवते. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील दुर्गाप्रसादबाबूजी वारले आणि मिल या पोराच्या हाती आली. त्यानं पंखे लावले, बायांसाठी संडास बांधला. बाबूजींना वीस वर्षांत ते सुचलं नव्हतं. मग तो नागपूरला कसल्याशा शिबिराला गेला आणि कामगारांचा उत्साह वाढवायचं शिकून आला. तेव्हापासून दर महिन्याला एकाचा फोटो फळ्यावर लागतो आणि दिसेल त्याला 'एक नंबर' म्हटलं जातं. पोतं नीट शिवलं तरी एक नंबर, उसवलं तरी एक नंबर.

बाबूजींच्या तोंडात गोड शब्द म्हणून नव्हता. येता-जाता माझ्या पोत्याची सुतळी बोटानं ओढून बघायचे. "ढिला हाय टाका. उसव." एवढंच. काही बोलले नाहीत की समजायचं, काम जमलं. पण दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली, की हा माणूस स्कूटर घेऊन माझ्या दारात हजर. मंडईला घरी पाहुणा लागतो. ज्याच्या घरी कोणी येत नाही, त्याच्याकडे लोक कीव करून बघतात. आम्ही जंगलकाठची गोंड माणसं, ते मोठ्या शेतीवाडीचे पोवार. तरी माझ्या ओट्यावर, साऱ्या टोलीसमोर, अख्ख्या वस्तीच्या देखत बसून ते लाखोळीच्या डाळीचे वडे खायचे. एकदा पहिलाच घास घेऊन ओरडले, "फुलवंता, मीठ टाकाले लाज वाटते का वो?" टोली खदखदून हसली. मी लाजेनं मेले, आणि पुढं वर्षभर त्याच बळावर पोती शिवली.

यंदा नवं धान आलं. मंडईपायी माणसं दांड्या मारतात, मिल अडते, म्हणून हेमेंद्रबाबूंनी सत्काराचा कार्यक्रम नेमका आमच्या मंडईच्या दिवशी ठेवला.

"बाबू, त्या दिवशी आमची मंडई हाय," मी म्हटलं.

"म्हनून तं ठेवला, काकी! इथंच मंडई समजा. बक्षीस बी तुमालेच हाय. वर्षभरात एक दांडी नाही तुमची."

त्या दुपारी त्यांनी ताटं दिली आणि मोबाइल समोर धरून दोन शब्द बोलायला सांगितलं. माझं डोकं तापलेलंच होतं.

"ताटं चांगले हायेत," मी म्हटलं. "पन जेवाले कोन येते? बाबूजी येत. तुमी याल का?"

टाळ्या वाजल्या. हेमेंद्रबाबू गडबडले. मग म्हणाले, "येतो ना, काकी. आजच येतो."

घरी पोचायला चार वाजले. मंडई अर्धी उठली होती. सकाळी भिजवलेली डाळ पाट्यावर वाटली, नवी ताटं धुतली, तेल तापत ठेवलं. कालव्याच्या पुलावर गाडी वाजली की माझा हात थांबायचा. येतो म्हणणारे पुष्कळ असतात. पण पाचच्या सुमाराला खरंच गाडी दारात उभी राहिली.

"घर कसं सापडलं, बाबू?"

"पुलावर विचारलं. बाबूजी जेवत ते घर का, म्हने. सिद्धा रस्ता दाखवला."

टोलीतली माणसं जमली. हेमेंद्रबाबू ओट्यावर बसले, बापाच्याच जागी. त्यांनी पहिला वडा उचलला तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"एक नंबर, काकी!"

दुसरा खाल्ला. "एक नंबर." असे चार खाल्ले, माझ्यासोबत फोटो काढला, पाया पडले आणि गाडीत बसून गेले. माझी मंडई साजरी झाली. मला तेवढंच तर हवं होतं. मग समाधान का वाटेना, ते कळेना.

ताटात एक वडा उरला होता. मी त्याचा घास तोडला.

घाईत मी मीठच टाकलं नव्हतं. चिमूटभरसुद्धा नाही.

तो वडा हातात धरून मी ओट्यावर बसले, आणि बाबूजी गेले तेव्हा रडले नव्हते एवढी रडले.