ताईंचा फोन

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तिचं. शंका आली की तपासून बघायची सवय तिथलीच. न सांगितलेल्या गोष्टी नवऱ्याला कळू लागल्या, तेव्हा तिने एक खोटी गोष्ट पेरली. दुकानातल्या मैत्रिणीला मेसेज केला, दाढ ठणकतेय. बाकी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी जेवताना नवऱ्याने मायेने विचारलं, "चावता येतंय ना नीट?"

रात्री तो झोपल्यावर तिने आपला फोन चाळून काढला.

सेटिंगमध्ये खोलवर ‘बॅटरी सेवा’ नावाचं ॲप सापडलं. बॅटरी सांभाळणाऱ्याला माइक, मेसेज आणि ठावठिकाणा कशाला हवा? मैत्रिणीने बजावलं, आत्ताच काढू नकोस, त्याला लगेच कळेल. आधी तू घरातून नीघ. तोवर महत्त्वाचं काही कळवायचं तर दुसऱ्याच्या फोनवरून कळव.

महत्त्वाचं एकच होतं. दुसऱ्या शहरातल्या दुकानात तिला काम मिळत होतं, राहायच्या खोलीसकट. होकार तेवढा द्यायचा होता. आपला फोन घरी ठेवून ती नणंदेकडे गेली आणि ताईंच्या फोनवरून होकार देऊन टाकला. एरवी प्रत्येक काच दोनदा पारखणारी ती, पण एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. सासरी कुणीही नवा फोन घेतला की तो आधी तिच्या नवऱ्याच्या हातात जायचा. सगळ्यांचे फोन तोच चालू करून द्यायचा, आणि सगळे त्याचे गोडवे गायचे.

रुजू कधी व्हायचं, हे विचारायला तिने दुकानातल्या फोनवरून फोन लावला. तिकडचा मालक नरमाईने म्हणाला की तुमच्या मिस्टरांनी कळवलं, तुमची तब्येत बरी नसते. जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती.

ती तडक ताईंकडे गेली. ताई ओट्यापाशी शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकूनही त्यांचे हात थांबले नाहीत.

"माझ्या फोनमध्येही आहे ते," त्या म्हणाल्या. "काढायला गेले तर म्हणाला, ताई, लपवण्यासारखं काय आहे तुझ्याकडे? मग राहू दिलं. अंगवळणी पडतं गं."

"मी होकार पाठवत होते, तेव्हा तरी बोलायचं."

"बोलणार कशी? फोन तुझ्या हातात होता. त्याला ऐकू गेलं असतं."

नुसतं डोळ्यांनी खुणावता आलं असतं. हे दोघींना एकदमच सुचलं असावं, कारण ताईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.