कोरडी वाळू

बंडोपंत हे मांजराचं नाव. मांजर कसलं, चांगला दांडगा बोका होता. पिवळा, गालफडं फुगलेला, चालीत रुबाब. भारतीबाईंच्या घरात त्याला सगळे अहो-जाहो करत. "अहो बंडोपंत, उतरा बघू फ्रिजवरून," असं म्हणायचं आणि त्याच दमात, "सरुबाई, तुझी भांडी अजून व्हायचीच?" सरुबाईला आधी आधी याचं हसू यायचं, मग काही दिवस संताप आला, आणि तीन वर्षं काम केल्यावर दोन्ही बंद झालं. माणसाला सवय होते, दुसरं काय.

बंगला कंपनीचा, सिल्वासातल्या ऑफिसर लोकांच्या कॉलनीत. श्रीधरसाहेब खडोलीच्या यार्न कंपनीत मॅनेजर. पुण्याहून बदलून आले तेव्हा त्यांच्या हृषीकेशनं हा बोका मांडीवर घेऊन आणला होता. पुढे हृषीकेश इंजिनिअरिंगला परत पुण्याला गेला आणि बोका आईच्या गळ्यात राहिला. पंतांना बाहेर सोडायचं नाही, असा घरचा कायदा. मागच्या गॅलरीला जाळी ठोकलेली, तिथे कोपऱ्यात प्लास्टिकचा टब, टबात दमणगंगेची वाळू. पंतांनी वाळूत जायचं आणि सरुबाईनं सकाळी उठून ते काढायचं. शिरपूरकडून पोटासाठी इथवर आलेल्या बाईच्या कपाळी बोक्याचं मूत उपसणं लिहिलेलं असेल, हे तिच्या आईला कुणी सांगितलं असतं तर ती भांडायला उठली असती.

पण सरुबाई उपसत होती, आणि त्याला कारण होतं भिका. तिचा नवरा भिका त्याच यार्न कंपनीत सहा वर्षं कामाला, पण कंपनीचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस. दर सात महिन्यांनी ठेकेदार त्याला ब्रेक द्यायचा, महिनाभर घरी बसवायचा आणि नवा माणूस म्हणून पुन्हा आत घ्यायचा. सहा वर्षांचा जुना माणूस कागदावर कायम नवाच. ब्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात कंपनीनं पंधरा माणसं परमनंट करायचं ठरवलं. यादी शनिवारी लागणार होती. यादी साहेबांच्या हातात, साहेब बाईंच्या शब्दात, आणि बाई म्हणत होत्या, "बघते, कानावर घालते." फेब्रुवारीपासून बाई बघतच होत्या.

त्या आठवड्यात बुधवारी सकाळी सरुबाईनं टबात हात घातला तर वाळू कोरडी.

रोज ओल्या वाळूचे चार-पाच गोळे निघायचे. आज एक नाही. वाळूवर पंजांच्या खुणा मात्र ढीगभर, सगळा टब उकरलेला. म्हणजे पंत येऊन बसले होते, एकदा नाही, दहादा बसले होते. तिनं मान वर करून पाहिलं तर पंत गॅलरीच्या कोपऱ्यात पाय पोटाखाली घेऊन बसलेले. एरवी तिच्या पायात घोटाळायचे, आज हलले नाहीत. अंगावरचे केस उभे, पिंजारलेले. मधेच उठले, टबात गेले, पाठ वाकवून बसले, बसूनच राहिले, आणि काही न होता बाहेर येऊन शेपटीखाली चाटत बसले. सरुबाई सगळं समजली. तिच्या बापाच्या बैलाचं असंच झालं होतं. मूत कोंडलं होतं. वाटेत खडा अडकला की जनावर असंच पुन्हा पुन्हा बसतं. गावातल्या एका शहाण्यानं त्या बैलाला बादल्यांनी पाणी पाजलं, बैल संध्याकाळपर्यंत आडवा झाला.

आता हे बाईंना सांगायचं म्हणून ती उठली, तेवढ्यात बाईच दारात आल्या. रोज सकाळी गॅलरीच्या दारात उभं राहून नाक ओढायचं आणि "घाण मारतंय गं, वाळू बदलतेस की नुसती हलवतेस?" म्हणायचं, हा त्यांचा नेम. त्या दिवशी त्यांनी नाक ओढलं, टबाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज बाई कसं स्वच्छ आहे. वासाचं नाव नाही. शिकलीस हं अखेर."

तीन वर्षांत पहिला चांगला शब्द. तोही कशापायी, तर बोक्याला मुतायला होत नव्हतं म्हणून! वर बाईंनी तिला अर्धा कप चहा दिला आणि आपण होऊन सांगितलं की भिकाचं नाव आज साहेबांकडे काढते. उद्या रात्री मुंबईचे मोठे साहेब जेवायला यायचे होते, श्रीखंड करायचं होतं, पडदे धुवायचे होते, चांदीची भांडी काढायची होती. बाई खुशीत होत्या. सरुबाईनं चहाबरोबर शब्दही गिळला. म्हणाली मनाशी, उद्या सांगू. आज सांगितलं तर घर डोक्यावर घेतील, पंतांना घेऊन वापीच्या डॉक्टरकडे पळतील, आणि तू काय खायला घातलंस म्हणून पहिली मलाच धरतील. भिकाचं नाव मग कोण काढतंय! एका दिवसानं काय होतंय.

गुरुवारी वाळू पुन्हा कोरडी. पंत शिलाई मशीनच्या मागे जाऊन बसले होते. दुधाची वाटी भरलेली, वर साय धरलेली. सरुबाईनं हात लावला तर पोट टणक लागलं आणि पंत ओरडले, पण तो ओरडा नेहमीचा नव्हता, पोटातनं आलेला होता. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्ध्यावर आलेला. एवढं पाहून आंधळ्यालाही कळलं असतं. तिचा जीव कळवळला, हे खोटं नाही. बोक्यावर तिची माया होती. घरात तिच्याजवळ आपण होऊन येणारा तो एकटाच होता.

बाई स्वयंपाकघरात चक्का घोटत होत्या. पाठमोऱ्याच, मान न वळवता त्यांनी विचारलं, "पंत ठीक आहेत ना गं?"

सरुबाई दारात उभी. बाईंच्या पाठीकडे बघत ती म्हणाली, "हो बाई, ठीक आहे."

"बरं झालं. आज त्यांना गॅलरीतच ठेव. पाहुण्यांच्या अंगावर केस नकोत."

झालं. पंतांना गॅलरीत कोंडलं आणि मोठे साहेब श्रीखंड खाऊन गेले.

शुक्रवारी सकाळी पंत रडत होते. अगदी तान्ह्या पोरासारखं. आता गप्प बसणं तिला शक्यच नव्हतं. तिनं बाईंना बोलावलं आणि सांगितलं की पंतांना लघवी होत नाही. बाई धावत आल्या. कधीपासून, असं त्यांनी विचारलं, आणि सरुबाई, देवा रे, तिथेही खरं बोलली नाही. म्हणाली, "आज सकाळपासून." काल ठीक म्हणून सांगितलेलं, आज दोन दिवस झाले कसं सांगणार?

गाडी घेऊन साहेब फॅक्टरीत गेलेले. ढोरांच्या सरकारी दवाखान्यात बाईंनी फोन लावला, तर डॉक्टर खेड्यापाड्यांत लसी टोचायला गेलेले. साहेबांना फोन केला तर ते मोठ्या साहेबांबरोबर मीटिंगमध्ये. वापी अर्ध्या तासावर, रिक्षा नाक्यावर उभ्या, पण बाई म्हणाल्या, सकाळपासूनच आहे ना, मग उन्हाळी लागली असेल. एवढ्या उन्हात माणसाला लागते, त्यांना का नाही लागणार. धने-जिऱ्याचं पाणी पाजू, मोकळं होईल. दुपारी साहेब आले की नेऊ.

उन्हाळी! माणसाला लागते तशी बोक्याला उन्हाळी. सरुबाईला बापाचा बैल आठवला. जिथून बाहेर पडायचं तिथं बूच बसलेलं आणि वरून पाणी ओतायचं. हे थांबवायचं तर खडा म्हणावं लागणार, दोन दिवस झाले म्हणावं लागणार. बाईंनी वाटीभर पाणी गार करून आणलं, त्यात खडीसाखर घातली. "नीट धर गं त्यांना," म्हणाल्या. सरुबाईनं फतकल मारली, पंतांना पदरात गुंडाळलं आणि पंजे घट्ट धरले. बाई चमच्यानं पाजत गेल्या. पंत झटापट करतील असं तिला वाटत होतं, पण त्यांनी काही केलं नाही. तिच्या मांडीवर बारीक घुरघुरत राहिले. बाई म्हणाल्या, "बघ, बरं वाटतंय त्यांना." सरुबाईनं वाटी संपेपर्यंत हात सैल सोडला नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला पंतांना ओकारी झाली. त्यानंतर ते उठले नाहीत. साहेब साडेचारला आले तेव्हा गाडी काढायचं कारण उरलं नव्हतं. बाईंनी आकांत केला. सरुबाईनं कंपाउंडच्या कडेला खड्डा खणला, जुन्या टॉवेलात गुंडाळून पंतांना ठेवलं आणि वर माती ओढली. मग हात धुऊन पोळ्या लाटल्या, कारण साहेबांना भूक लागली होती.

शनिवारी भिका दुपारीच घरी आला, हातात पाकीट आणि पेढ्यांचा पुडा. त्याला परमनंट केल्याचं कंपनीचं पत्र. माणूस इतका खुशीत की पाय जमिनीला लागेनात. सगळ्या चाळीला सांगत सुटला, माझ्या बायकोनं बंगल्यावर तीन वर्षं हात झिजवले त्याचं हे फळ आहे. मुलगी सोनी दहावीला, तिनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता वाचता म्हणाली की पत्रावर तारीख सोमवारची आहे.

सरुबाईनं विचारलं, कुठल्या सोमवारची? सोनीनं बोट ठेवून दाखवलं. ह्याच गेलेल्या सोमवारची, खाली साहेबांची सही. म्हणजे बुधवारी वाळू कोरडी निघाली त्याच्या आधी दोन दिवस भिकाचं नाव पक्कं झालं होतं. बाईंनी शब्द टाकला असता किंवा नसता, चांगल्या शब्दाला भुलून ती गप्प बसली असती किंवा नसती, पत्र आलंच असतं. पेढ्याचा घास तिच्या तोंडात फिरत राहिला. भिकानं विचारलं काय झालं, ती म्हणाली काही नाही, उन्हाचं.

रविवारी ती बंगल्यावर गेली ती ठरवूनच. आता भिऊन कुणासाठी राहायचं? भिका पक्का झाला होता. भारतीबाई जेवणघरात एकट्या बसल्या होत्या, डोळे सुजलेले. सरुबाई खाली टेकली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. बुधवारपासून वाळू कोरडी होती, गुरुवारी पोट दगड झालं होतं, मला ठाऊक होतं, मी ठीक म्हणाले, तुमच्याशी खोटं बोलले. नवऱ्याच्या नोकरीसाठी बोलले. आता काय शिक्षा करायची ती करा, काढून टाका.

बाई काही ओरडल्या नाहीत. टेबलावरच्या कापडाची सुरकुती बोटानं सारखी करत राहिल्या.

"मला काय नाक नाही, सरुबाई?" त्या म्हणाल्या. "डोळे नाहीत? टबात काही नव्हतं ते मीही पाहिलं होतं."

सरुबाईला आधी समजेचना. मग एकदम समजलं. दारात उभं राहून नाक ओढलं, टबाकडे पाहिलं आणि मग चांगला शब्द आला. पाठमोरं राहून विचारलं, ठीक आहेत ना.

"मग बुधवारीच का नाही नेलं, बाई?"

"गुरुवारचं जेवण होतं. ह्यांचं प्रमोशन त्यावर होतं. वाटलं, एक दिवस काढतील." बाईंनी सुरकुतीवरून पुन्हा बोट फिरवलं. "तू बोलली असतीस तर मला न्यावंच लागलं असतं. तू बोलली नाहीस."

सरुबाईच्या मस्तकात तिडीक गेली. बोका तुमचा, गाडी तुमची, आणि बोलायचं मी! पण हे म्हणायला तिच्याकडे तोंड कुठं होतं? पाणी पाजणारीला माहीत होतं, धरणारीलाही माहीत होतं, आणि दोघी मिळून त्याला उन्हाळी झाली म्हणत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी सकाळी पुण्याहून हृषीकेशचा फोन येतोच. बाईंनी उचलला, "हो रे, हो, एका दिवसात झालं सगळं," असं दोनतीनदा म्हणाल्या, रडल्या, आणि मग रिसीव्हर सरुबाईपुढे धरला. तिच्याशी त्याला बोलायचं होतं. बाई समोरच उभ्या राहिल्या, तिच्या तोंडाकडे बघत.

पलीकडून पोरगा रडवेला होऊन बोलत होता. "मावशी, तुम्हाला तर पंतांचं सगळं कळायचं. शिंकले तरी तुम्ही आईला सांगायचात. मग ह्या वेळी काहीच कसं दिसलं नाही?"

सरुबाईनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर काढली नाही.

"कळलंच नाही रे बाळा," सरुबाई म्हणाली. "आम्हाला दोघींनाही कळलंच नाही."