सावली राहिलेली पाटी

“काका, तुमचा हात एवढा थरथरतो, मग अक्षरं का नाही थरथरत?”

मित्रांनो, हा प्रश्न एका शाळकरी मुलीनं पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांना विचारला, तोही मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. त्या दुकानाबाहेर सायकली धरून, तोंड दाबून हसत होत्या. काका मुळीच रागावले नाहीत. त्यांनी मला उचलून तिच्या हातात दिलं.

मी एक जुनी काठी आहे. पूर्वी मोडक्या छत्रीचा दांडा होते. काकांनी मला घासलं, एका टोकाला चिंध्यांचा बोळा बांधला, वरून मऊ चामडं शिवलं. पाटी रंगवताना तो बोळा पाटीच्या कडेला टेकायचा, माझं दुसरं टोक डाव्या हातात आणि माझ्या पाठीवर उजवं मनगट. ओल्या रंगाला धक्का नाही आणि हातही स्थिर. लोक पाटीचं कौतुक करायचे, काठीकडे कोण बघतंय! पण आमच्या रस्त्यावरचं प्रत्येक अक्षर माझ्या पाठीवरून गेलंय, बरं का.

ती मुलगी दुसऱ्या दिवशीही आली. मग येतच राहिली. इतकी बोलायची की काकांनी तिचं नाव टकळी ठेवलं. “आधी हात चालव, मग तोंड,” म्हणायचे. ती दोन्ही चालवायची.

काका अक्षरांना सावली सगळ्यात शेवटी द्यायचे. त्यांच्या स्टुलावर बसलं की दार डावीकडे, उजेड डावीकडून, म्हणून सावली उजवीकडे. एक काळसर रेघ, आणि सपाट अक्षर उठून उभं राहायचं. टकळीला त्याचं वेडच लागलं. तिच्या वह्या, डबा, सायकल, सगळ्यांवरच्या नावांना सावल्या फुटल्या.

मग एके सकाळी दुकान उघडलं नाही. काका झोपेतच गेले होते. मी लाकूड, मला रडता येत नाही. मी खिळ्याला लटकून राहिले. माझ्यावर धूळ बसली, ती बसू दिली.

एका दुपारी काकूंनी शटर वर केलं. शेजारचा टेलर त्याची पाटी न्यायला आला होता. मागून टकळी आली, गप्प. पाटीवर अक्षरं पूर्ण होती, सावली नव्हती. टेलर म्हणाला, नेतो अशीच, आता सावली कोण देणार?

“मी देते,” टकळी म्हणाली. दूध आणते म्हणावं, तितक्याच सहज.

रंग ढवळता ढवळता ती काकूंना म्हणाली, “मला काहीच वाटत नाहीये हो. जेवते, शाळेत हसतेसुद्धा. मी दगड आहे का?”

काकू म्हणाल्या, “आज मी दोन कप चहा केला, बाळा. दोन्ही मीच प्यायले. मलाही काही वाटलं नाही.”

टकळी काकांच्या स्टुलावर बसली नाही. पाटी तिनं स्टुलामागच्या भिंतीला टेकवली आणि फरशीवर बसली. पहिल्या अक्षराला सावली दिली, आणि टेलर बिचकत म्हणाला, ही उलटी पडली की. खरंच होतं. तिथे दार उजवीकडे येत होतं. उजेड जसा पडला तशी तिनं सावली दिली होती, डावीकडे.

मला वाटलं, आता ब्रश ठेवते आणि कायमची जाते.

तिनं रॉकेलचा बोळा घेऊन रेघ पुसली. पाटी उचलून काकांच्या नेहमीच्या भिंतीला नेली. मला खिळ्यावरून काढलं आणि स्टुलावर बसली. पहिल्यांदाच तिनं मनगटाचा सगळा भार माझ्यावर टाकला. सावल्या एकेक करून उजवीकडे पडत गेल्या. ती रडली नाही. टेलरनं पाटी दोन्ही हातांनी उचलली, मूल उचलावं तशी.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची हत्यारं माळ्यावर टाकू नका. आम्हाला हार नको, हात हवेत.

काकूंनी मला टकळीला दिलं. घरी तिनं मला जेवणाच्या टेबलावर, ताटांच्या मधोमध ठेवलं. आई म्हणाली, ही काठी इथे कशाला? टकळीनं खुर्ची पुढे ओढली.

“आई, बाबा, शाळा बुडणार नाही. पण दर रविवारी काकांचं दुकान मी उघडणार आहे. काकूंना विचारून झालंय. तुम्हाला सांगतेय.”