प्रसादाचा हात

रोह्याच्या त्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पोपटबुवा म्हणे तीर्थाने साखर उतरवतो! पुढ्यात प्रसादाचं ताट, तीर्थाचा तांब्या आणि साखर मोजायचं यंत्र. हल्लीच्या चमत्कारांनाही यंत्र लागतं, काय करणार!

पुतळी पेणहून भावाच्या मागावर आली होती. हरेशला तिने स्वतःची किडनी दिलेली. किडनी रुजली, पण त्याला डायबेटिस झाला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं: किडनी टिकवायच्या गोळ्यांनी साखर वाढू शकते, साखरेला वेगळं औषध देऊ, पण या गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि हा शहाणा भाऊ बुवाच्या सांगण्यावरून कालपासून त्याच बंद करून बसला होता. पुतळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

बुवाने हरेशच्या उजव्या हातावर गुळाचा चिकट प्रसाद ठेवला. प्रसादाचा हात पुसायचा नाही, धुवायचा नाही, हे सगळ्यांना घरूनच ठाऊक. मग त्याच हाताचं बोट टोचलं. आकडा चारशेच्या वर. "गोळ्यांचं विष आहे हे, बाळा," बुवा हळहळला. तीर्थाने हात धुतला, मंत्र पुटपुटला, दुसरं बोट टोचलं. एकशे ऐंशी! मांडवात जयजयकार झाला.

पुतळी तरातरा पुढे गेली आणि तिने प्रसाद मागितला. खाल्ला, तसंच बोट पुढे केलं. आकडा हरेशपेक्षाही चढला. बुवा खूश होऊन म्हणाला, हिच्यात तर विष पुरतं भिनलंय.

"कुठल्या गोळ्यांचं? मी एक गोळी खात नाय," पुतळी कडाडली. "मला डायबेटिस असता तर डॉक्टरांनी माझी किडनी घेतली असती काय?"

तिने बाटलीतल्या साध्या पाण्याने हात धुतला, पदराला पुसला, दुसरं बोट टोचून घेतलं. शंभराच्या आत. "साखर रक्तात नाय, बोटावर हाय. ह्याच्या गुळाची!"

हरेश चाचरत म्हणाला, गोळ्यांनी साखर वाढते हे तर खरंच ना?

"व्हय, खरं हाय. म्हणून साखरेचं औषध घ्यायचं. गोळ्या सोडल्यास तर किडनी जाईल. माझ्याकडं आता एकच उरलीय रे. दुसरी कुठून देऊ?"

हरेशने मांडवातूनच डॉक्टरांना फोन लावला. लोकहो, देवाला खुशाल हात जोडा. पण गोळी सोडायची ती बुवाला विचारून नव्हे, डॉक्टरला विचारून.