घासूनही न गेलेली ओळ

मी एक जुनी शिळा आहे, मित्रांनो. आज पायरी झाले आहे, पण मूळची छापखान्यातली. माझ्यावर तेलकट शाईने उलटं लिहायचे, ते कागदावर सुलट उमटायचं. काम संपलं की वाळू-पाणी घालून मला घासायचे आणि पुन्हा कोरी करायचे. असे माझे शंभर जन्म झाले असतील. सांगते ती गोष्ट मात्र एकोणीसशे तीस सालची.

त्याच्या नऊ वर्षं आधी आमचा देश, तुमचा नव्हे, दूरचा एक छोटा देश, स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या हक्कांच्या सनदेचं पहिलं पान माझ्यावरच लिहिलं गेलं. म्हातारे लेखनिक नाक मला टेकवून लिहीत होते, "हे हक्क माणसाला कोणी दिलेले नाहीत. ते त्याच्यासोबत जन्मतात."

दगड घासणारी मावशी वाकून बघत होती. "कोणी दिले नाहीत, मग आभाळातून पडले का?"

"दिलेली वस्तू देणारा परत मागू शकतो, मावशी. तुझा श्वास कोणी परत मागितलाय?"

"सासूने. रोज मागते."

सगळा छापखाना हसला.

ते पान एवढं मोलाचं, की नंतर मला कोणी घासलं नाही. डिंकाचा लेप देऊन फळीवर ठेवलं. नऊ वर्षं ती शाई माझ्यात मुरत राहिली.

मग सरकार बदललं. मावशीचा भाऊ आमच्याकडेच पुस्तकं बांधायचा. त्याला भर दुपारी सुई-दोऱ्यासकट उचलून नेलं. गुन्हा काय, ते सांगितलं नाही. तीन महिन्यांनी, एका सोमवारी, त्याला न्यायाधीशांपुढे उभं करायचं ठरलं. कोर्टाच्या भिंतीवर सनदेचं पान असे आणि त्यावर बोट ठेवूनच निकाल देण्याची रीत होती. नेमके शुक्रवारी एक साहेब नवा मजकूर घेऊन आले : "हे हक्क सरकारने दिले आहेत." सोमवारच्या आत तो भिंतीवर हवा होता.

एवढी मोठी शिळा मी एकटीच. मला घासायचं कोणी? मावशीनेच.

भावाची सुटका आपण आपल्या हाताने पुसतोय, हे तिला कळत होतं. साहेब शेजारी उभे राहून फेरे मोजत होते. मी पुरती कोरी झाले. लेखनिकांनी नवी ओळ लिहिली. पहिले दहा कागद स्वच्छ निघाले. अकराव्यावर ओळींच्या मधे करडी सावली आली. विसाव्यावर ती वाचता येऊ लागली. 'दिलेले नाहीत.'

"पुन्हा घासा," साहेब म्हणाले.

दुसऱ्या खेपेला ती पाचव्याच कागदावर आली. तिसऱ्या खेपेला पहिल्याच कागदावर, आणि नव्या शाईपेक्षा काळी. दांडा फिरवणारी माणसं हात सोडून मागे सरकली. मला स्वतःलाच भीती वाटली, मित्रांनो. मी काहीच करत नव्हते.

"तू हात हलका ठेवलास!" साहेब मावशीवर ओरडले.

तिने दोन्ही तळवे पुढे केले. "बघा की साहेब. अक्षर राहिलं, कातडं गेलं."

साहेबांनी बघितलं नाही.

सोमवारी भिंतीवर जुनंच पान होतं. न्यायाधीशांनी त्यावर बोट ठेवलं, आणि भाऊ घरी आला. नवं पान तीन आठवड्यांनी दुसऱ्या गावाहून छापून आलं. ते अकरा वर्षं टिकलं. त्या अकरा वर्षांत इतर कितीजणींचे भाऊ परत आले नाहीत.

लेखनिकांनी त्या शुक्रवारनंतर लेखणी धरली नाही. साहेबांची बदली झाली. म्हणे, कोरा कागदही ते उजेडाला धरून बघितल्याशिवाय हातात घेत नसत. मावशीच्या तळव्यांवरच्या रेषा पुन्हा उमटल्या नाहीत. तशाच गुळगुळीत तळव्यांनी ती गेली. भाऊ मात्र ते वाया गेलेले कागद वह्यांच्या पुठ्ठ्यांत घालून शिवत राहिला. त्या वह्या अजून कुठेकुठे असतील.

मला मागच्या दाराशी पायरी केलं. दमट दिवसांत ती ओळ अजून वर येते, उलटी. अनवाणी पोरं माझ्यावर उभी राहतात आणि घरी जातात. पाय धुताना एखाद्याच्या तळव्यावर करडी अक्षरं दिसतात, सुलट.

तुमच्या पायावर दिसली, तर घाबरू नका. पाणी ओतण्याआधी एकदा वाचा.